एलोईचा पाहुणचार

स्की न येणाऱ्या माणसाने व्हालरोझला येऊन करायचं काय, या प्रश्नाचं उत्तर मिरेय द्युक्रे देत होती तेव्हा फोन वाजला. समोर फेब्रुवारीच्या सुट्टीला आलेलं एक कुटुंब उभं होतं. बाईच्या कोटाची फर बाहेरच्या बर्फाने भिजली होती आणि पर्यटन कचेरीतल्या उबेत तिला ओल्या कुत्र्यासारखा वास सुटला होता. मिरेयने घोड्यांच्या बर्फगाड्या सांगितल्या, गरम पाण्याचे तलाव सांगितले, मग नेहमीप्रमाणे उन्हाळ्याकडे वळली. जूनमध्ये कुरणं फुलांनी भरून जातात, जुलैत चौकात संगीत असतं, ऑक्टोबरात लार्चची झाडं पिवळीधमक होतात. खरं सांगायचं तर आमच्याकडे वाईट असा महिनाच नाही. हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की मन भलतीकडे असलं तरी चेहरा आपोआप हसरा होई. शेजारच्या टेबलावरच्या कापुसीनने फोन घेतला, थोडं ऐकलं, आणि तळहाताने फोन झाकून म्हणाली, "मिरेय, तुमच्यासाठी आहे. मादाम रुसेल म्हणून कुणीतरी आहेत. म्हणतायत, तुमचे वडील त्यांच्या स्वयंपाकघरात बसलेत."

पपा सापडले याचा धक्का तिला बसला नाही, कारण ते हरवले होते हेच तिला ठाऊक नव्हतं. सकाळी ती निघाली तेव्हा ते खिडकीजवळच्या खुर्चीत होते, रेडिएटरला गुडघा टेकवून. धक्का बसला तो फोनवरच्या आवाजाचा. त्या आवाजात तक्रार नव्हती, घाई नव्हती, साधं आश्चर्यही नव्हतं. "अहो, मुळीच गडबड करू नका," मादाम रुसेल म्हणत होत्या. "मजेत आहेत ते. सूप घेतायत. आमच्या लूर्देसने ओळखलं त्यांना, म्हणून तुमचा पत्ता लागला. तुम्हाला काळजी नको म्हणून फोन केला, इतकंच." मिरेयने आभार मानले, आणि कुठला बंगला म्हणून विचारलं. "ला ग्रांज," पलीकडून उत्तर आलं. "चर्चच्या मागून वर जायचं, शेवटचा." शेवटचं वाक्य मिरेयला ऐकायची गरज नव्हती. त्या घराला 'ला ग्रांज', म्हणजे गवताचं कोठार, हे नाव विकल्यानंतर मिळालं होतं. ती तिथे वाढली तेव्हा त्याला नावच नव्हतं. लोक नुसतं द्युक्रेंचं घर म्हणत.

कापुसीनवर काउंटर सोपवून ती बाहेर पडली. दुपारचं ऊन बर्फावरून उलटून डोळ्यांत जात होतं. चौकात घोडे उभे होते, त्यांच्या नाकपुड्यांतून वाफा निघत होत्या, आणि लेणी पाहावीत तशा सावकाश पावलांनी माणसं दुकानांच्या काचा पाहत चालली होती. पूर्वी जिथे पाव मिळे तिथे आता घड्याळं मिळत, आणि जिथे खिळे, दोर, गाईंच्या खुरांचं मलम मिळे तिथे लाकडाच्या धुराचा वास येणाऱ्या मेणबत्त्या. तो वास हुबेहूब होता. एकदा मिरेयने त्यातली एक उचलून हुंगली होती आणि ती तशीच घाईघाईने ठेवून बाहेर आली होती. यात कुणाचं चुकलं असं तिला कधी म्हणता आलं नाही. कुणी कुणाला हुसकून लावलं नव्हतं. सगळं विचारून, हसून, हात मिळवून झालं होतं. गाव देखणं झालं होतं, स्वच्छ झालं होतं, त्याच्यावर लोकांनी जीव लावला होता, आणि या सगळ्यात आपल्याला नेमकं काय खुपतं हे शोधायला गेलं की हाताला काहीच लागत नसे.

घरसुद्धा पपांनी स्वतःच विकलं होतं, खुशीने. आई गेल्यावर वर्षभरात. "सुटलो एकदाचा," असं ते म्हणाले होते. त्या घरात खाली गुरं, वर माणसं. गुरांच्या श्वासाची ऊब जमिनीच्या फटींतून वर येई आणि तीच काय ती ऊब. जानेवारीत उशाशी ठेवलेल्या पेल्यातलं पाणी गोठे. आईच्या बोटांना थंडीने भेगा पडत, ती त्यांत चरबी भरून वर कापडी पट्ट्या बांधी आणि तशाच हातांनी दूध काढी. बस स्टँडच्या मागच्या इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला तेव्हा पपा आठवडाभर येताजाता रेडिएटरला हात लावून पाहत, एखाद्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "हे बघ पोरी, याला चारा नको, याचं शेण काढायला नको," असं म्हणून हसत. तेव्हा हा माणूस त्या घरासाठी कधीतरी झुरेल असं कुणाला वाटलं असतं? आणि तो झुरत तरी होता का? गेल्या दोन हिवाळ्यांत पपांच्या मनातून एकेक गोष्ट गळत चालली होती. आधी फ्लॅट गेला, मग आईचं मरण गेलं, मग घर विकल्याचं गेलं, आणि शेवटी उरलं ते घर, त्यातल्या थंडीशिवाय.

दार मादाम रुसेलांनीच उघडलं. बारीक चणीच्या, पिकल्या केसांच्या, पायांत नुसते लोकरी मोजे. ज्यांच्याकडे खूप असतं त्यांना परवडतो तसला साधेपणा त्यांच्या अंगावर होता. "ब्लांदीन म्हणा मला," त्या म्हणाल्या आणि मिरेयचा कोट स्वतः काढून घेतला. मिरेय विक्रीनंतर पहिल्यांदाच आत येत होती. गोठ्याची बैठकीची खोली झाली होती. वरची तुळई तीच होती, तासून, तेल पाजून मधासारखी केलेली. दुधाच्या कॅनमध्ये छत्र्या होत्या. भिंतीवर घंटा टांगल्या होत्या, आकाराप्रमाणे लहानापासून मोठ्यापर्यंत, जसं कुठल्याही गोठ्यात कधी कुणी टांगलं नसेल. आणि त्यांच्याखाली आडवा, गवत कापायचा लांब दांड्याचा कोयता. सगळीकडे ऊब होती. आई असती तर तिने आधी ती ऊब कुठून येते ते शोधलं असतं.

पपा चुलीजवळच्या टेबलाशी बसले होते. समोर सूप, पाव, चीजचा तुकडा. गालांवर लाली होती. त्यांनी वर पाहिलं, तोंडातला घास सावकाश गिळला.

"या, या," ते म्हणाले. "तुम्हीही अडकलात वाटतं बर्फात?"

"पपा, मी मिरेय."

"बसा. जागा पुष्कळ आहे." मग मानेने ब्लांदीनकडे खूण करत त्यांनी आवाज खाली आणला, जणू एवढ्याने त्यांना ऐकूच जाणार नव्हतं. "ही बाई पॅरिसची. पोरंबाळं घेऊन आलीय, रस्ता बंद झाला. म्हटलं, राहू दे. स्वभावाने बरी आहे. चूल मात्र पेटवता येत नाही तिला."

ब्लांदीन मनापासून हसल्या. "खरं आहे ते. आज त्यांनीच पेटवली. आणि कुठली गाय कुठे उभी राहायची ते सगळं सांगितलं आम्हाला. मार्कीझ त्या कोपऱ्यात, हो ना, मस्य एलोई?" त्यांनी पपांना विचारलं.

"मार्कीझ नाही, मार्कीझची आई. किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

मिरेय उभीच होती. हसावं की रागवावं की माफी मागावी हे तिला कळेना, आणि तिन्हीसाठी चेहरा तयार होऊन तिन्ही वेळा मोडला. पपा तिला 'तुम्ही' म्हणत होते. घरी ते निदान 'तू' म्हणत, कधी तिच्या आईचं नाव घेऊन, कधी बिननावाचं, पण 'तू'. इथे त्यांच्या घरात मात्र ती पाहुणी झाली होती. आणि त्यांचं पाहुण्याशी वागणं इतकं नेटकं, इतकं मायाळू होतं की ती नकळत बसली आणि त्यांनी तिच्यापुढे पावाचा तुकडा सरकवला तेव्हा तिने तो खाल्ला.

त्यांना तिथून उठवणं फार जड गेलं. "घरी चला," म्हटलं तर "घरीच आहे की," म्हणत. शेवटी डॉक्टरकडे जायचंय असं खोटं सांगून लूर्देसने त्यांना बूट घातले. लूर्देस पोर्तुगालची, रुंद हातांची बाई, बंगल्याचं सगळं तीच पाहायची. बूट घालताना ती मिरेयला हळूच म्हणाली, "माझ्या सासऱ्यांचं असंच झालं होतं. मी वाद घालायचं सोडून दिलं, तेव्हा दोघांनाही झोप लागायला लागली." फ्लॅटमध्ये आल्यावर पपा कोट न काढता दाराजवळच्या स्टुलावर बसले, टोपी हातात घेऊन. संध्याकाळी तिने जेवायला वाढलं ते त्यांनी संकोचून खाल्लं आणि म्हणाले, "चांगलं होतं, बाई. आता निघतो. तुम्हाला किती त्रास द्यायचा."

ते पुन्हा गेले, अर्थातच. आणि मग एके दिवशी ब्लांदीन केकचा डबा घेऊन कचेरीत आल्या, रांगेत उभ्या राहिल्या, आणि त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाल्या, "तुमची हरकत नसेल तर मस्य एलोईंना रोज दुपारी येऊ द्या आमच्याकडे. लूर्देस येऊन नेईल. आम्हालाही सोबत होते, आणि घराला... कसं सांगू, त्या घराला ते हवे आहेत असं वाटतं." मिरेयने या वाक्यांत काही बोचरं सापडतं का ते पाहिलं. वर खाली, आतून बाहेरून पाहिलं. नव्हतं. बाई चांगल्या होत्या, हीच अडचण होती. वाईट असत्या तर नाही म्हणता आलं असतं. रात्री तिने लिऑन शहरात राहणाऱ्या भावाला, रेजिसला, फोन केला. तो सगळं ऐकून म्हणाला, "अगं, दुपारभर कुणीतरी बघतंय त्यांच्याकडे, वर सूप मिळतंय. तुला त्रास नेमका कशाचा होतोय?" ती म्हणाली, कशाचा नाही. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ ती स्वयंपाकघरात उभी राहून त्याच प्रश्नाचं उत्तर शोधत होती, आणि मधूनच तिला वाटलं की उत्तर अगदी साधं आहे, लाजिरवाणं साधं: त्यांना तिथे बरं वाटतं आणि माझ्याकडे वाटत नाही.

त्या हिवाळ्यात पपा सुधारले. आजार सुधारणारा नव्हता, पण पाठ ताठ झाली, भूक लागू लागली, दाढी स्वतः करू लागले. दुपार झाली की घरधन्यासारखे तयार होऊन बसत. लूर्देसला ते आपल्याकडे कामाला ठेवलेली बाई समजत आणि वाटेत तिची विचारपूस करत. मिरेय संध्याकाळी त्यांना आणायला जाई. एकदा ती गेली तेव्हा बैठकीत पुष्कळ माणसं होती, हातात पेले, सगळ्यांचे चेहरे चुलीकडे. आणि चुलीपाशी पपा बोलत होते. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. ती दाराच्या चौकटीत कोटासकट थांबली.

"...तर पोरीला ताप. वर खोलीत ठेवावं तर थंडी. मग मी काय केलं, हिथं, ह्या इथं," त्यांनी पांढऱ्या सोफ्याकडे बोट दाखवलं, "गव्हाणीत पेंढा घातला, त्यात तिला निजवलं. गाय वाकून हुंगायची तिला. मी गाईचं तोंड धरून बसलो. जेर्मेन म्हणाली, तुम्ही निजा आता, मी बसते. म्हटलं, नको, तुझे हात फुटलेत. उजाडलं तेव्हा पोरगी घामाने चिंब. ताप उतरला. डोळे उघडून मला काय म्हणाली? म्हणाली, पपा, गाईला तुमच्यासारखा वास येतो."

लोक हसले. निळ्या स्वेटरमधल्या एका माणसाने विचारलं, "मग? कुठे असते आता ती?"

"मिरेय? शाळेत गेलीय. येईल आता," पपा म्हणाले, आणि त्यांनी दाराकडे पाहिलं. तिथे ती उभी होती. त्यांची नजर तिच्यावर आली, थांबली, आणि माणूस ज्याची वाट पाहतो तो न दिसल्यावर जशी पुढे जाते तशी पुढे गेली.

ही गोष्ट मिरेयला माहीतच नव्हती. तो ताप, ती गव्हाण, काहीच आठवत नव्हतं. इतकी वर्षं पपांनी तिला कधी सांगितली नव्हती. ते तसे बोलणारे नव्हतेच, बापाने मुलीशी हवा, गवत आणि दूध याव्यतिरिक्त काय बोलायचं असतं? आणि आता ती गोष्ट हातात पेले धरलेल्या परक्या माणसांना मिळाली होती, आणि तिला ती चोरून ऐकावी लागली होती. परत येताना बर्फावरून पपांचा दंड धरून चालताना तिने विचारलं, "ती गव्हाणीतली मुलगी, पपा... तिला काय झालं होतं?" ते म्हणाले, "कुठली मुलगी?" आणि चालत राहिले. त्यांच्या बुटांखाली बर्फ कुरकुरत होतं. तिला एकदम खूप झोप आल्यासारखं झालं, वाटलं इथेच बसावं, कुणीतरी येऊन आपल्याला न्यावं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं, खालची करपलेली जमीन उघडी पडली, रोपवेचे पाळणे थांबले. रुसेल मंडळी गेली. लूर्देसने खिडक्यांची दारं लावली आणि तीही तिच्या गावी गेली. ते दोन महिने मिरेयने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. कचेरीत फोनवर ती शांतता सांगत होती, जंगलातल्या पाऊलवाटा सांगत होती. घरी पपा पुन्हा कोट घालून स्टुलावर बसत होते. जूनमध्ये बंगल्याच्या खिडक्या उघडल्या आणि त्या उघडलेल्या पाहून तिला इतकं हायसं वाटलं की आपल्याला आपलीच कीव आली असती, पण तेवढी सवड नव्हती.

उन्हाळ्यात बंगल्याभोवती लव्हेंडर फुललं. व्हालरोझच्या उंचीवर ते आपणहून येत नाही. ब्लांदीननी खालून माती आणवून लावलं होतं, फार जपलं होतं. जुलैतल्या एका दुपारी, लूर्देस कपडे वाळत घालत असताना, पपांनी भिंतीवरचा कोयता काढला. तो त्यांचाच होता, घराबरोबर गेलेला. दगडावर पाणी टाकून त्यांनी त्याला धार लावली आणि बाहेर जाऊन लव्हेंडर कापायला सुरुवात केली. लूर्देसने नंतर मिरेयला सांगितलं की इतकं सुंदर कापताना तिने कुणाला पाहिलं नव्हतं. कमरेतून वळत, एका लयीत, मागे सरळ आडवे पट्टे पडत गेले. पण रुसेलांची दोन नातवंडं शेजारच्याच हिरवळीवर पालथी पडून काहीतरी वाचत होती, आणि पपा लव्हेंडर संपवून हिरवळीकडे वळले तेव्हा लूर्देस ओरडली. काही झालं नाही. मुलं उठून पळाली. पपा कोयता टेकवून उभे राहिले आणि म्हणाले, "पोरांना गवतात निजू देऊ नये. किती वेळा सांगितलं जेर्मेनला."

संध्याकाळी ब्लांदीनचे यजमान, तिएरी रुसेल, स्वतः फ्लॅटवर आले. उंच माणूस, दारात वाकून आला. पपा त्यांच्याशी हात मिळवून म्हणाले, "रस्ता मोकळा झाला का?" तिएरींनी तो झाला असं सांगितलं. मग मिरेयला जिन्यात घेऊन ते हळू आवाजात बोलले. "तुम्ही समजून घ्याल. तुमच्या वडिलांबद्दल आमच्या मनात फार आदर आहे. पण मुलं आहेत, विमा आहे, उद्या काही झालं तर तुम्हालाच सगळ्यात जास्त दुःख होईल."

"अगदी बरोबर आहे," मिरेय म्हणाली. "तुमच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं."

"ब्लांदीन रडतेय," ते म्हणाले, जणू तेवढं तिला द्यायला आणलं होतं.

"त्यांना सांगा, वाईट वाटून घेऊ नका," मिरेयने सांगितलं. आणि ते जिना उतरून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण अजून हसतो आहोत. काउंटरमागचं हसू. गालांचे स्नायू दुखायला लागले तेव्हा ते गेलं.

यानंतर जे झालं त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे, कारण ते रोज तेच होतं. पपा जायचे, आणि परत आणले जायचे. तिने दाराला बाहेरून कुलूप लावून पाहिलं. त्यांनी आतून दार इतकं ठोकलं की वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात येऊन उभी राहिली आणि मिरेयकडे पाहत राहिली. डॉक्टर म्हणाले, वृद्धाश्रमात ठेवा. गावात पूर्वी नन्सनी चालवलेला एक होता, आता तिथे मालिश आणि वाफेची स्नानं मिळत. खाली खोऱ्यातल्यात जागा नव्हती. "जागा होईल तेव्हा कळवू," तिथली मुलगी फोनवर म्हणाली, आणि जागा कशी होते हे दोघींनाही माहीत होतं. ऑगस्टच्या शेवटी रुसेलांनी पडवी जास्वंदी रंगात रंगवून घेतली, दारावर कॅमेऱ्याची, लांबूनही पाहता-बोलता येणारी घंटा बसवली, आणि ते लिस्बनला मुलीकडे गेले. खिडक्या पुन्हा बंद झाल्या. लार्च पिवळे झाले, मग झडले.

नोव्हेंबरात व्हालरोझमध्ये कुणी नसतं. दुकानांच्या काचांवर आतून कागद लावलेले, हॉटेलांच्या गच्च्यांवर रचून ठेवलेल्या खुर्च्या, चौकात एखादा कामगार दिव्यांच्या माळा सोडवत शिडीवर. मिरेयला लहानपणचं गाव याच महिन्यात ओळखीचं वाटायचं आणि याच महिन्यात तिला त्याची भीतीही वाटायची, कारण झाकण काढल्यावर खाली ते जुनं गाव नसायचं, नुसती रिकामी जागा असायची. त्या दिवशी दुपारपासून आकाश खाली आलं होतं. ती कचेरीतून निघाली तेव्हा पहिलं बर्फ भुरभुरत होतं. फ्लॅटचं दार उघडं होतं. ती आत गेलीच नाही. तशीच वळली आणि चर्चच्या मागून वर चढू लागली, धाप लागली तरी न थांबता. पपांनी टोपी घातली असेल का, एवढंच ती पुन्हा पुन्हा स्वतःला विचारत होती, जणू सगळं टोपीवरच होतं.

टोपी होती. ते दाराजवळच्या बाकावर बसले होते. खांद्यांवर, गुडघ्यांवर बर्फ साचलं होतं. त्यांनी तिला येताना पाहिलं आणि बाजूला सरकून जागा केली.

"बसा," ते म्हणाले. "दार आतून लावलंय. ती निजली असेल. दिवसभर राबते, उठवत नाही मी तिला."

"कोण, पपा?"

"जेर्मेन. माझी बायको."

मिरेय बसली. बाक ओला होता. पपांचा हात तिने हातात घेतला. तो दगडासारखा गार होता आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. तिला म्हणायचं होतं, आई गेली, पपा, हे घर आपलं नाही, चला. ही वाक्यं तिने याआधी म्हटली होती, आणि प्रत्येक वेळी आई त्यांच्या डोळ्यांदेखत नव्याने मेली होती, प्रत्येक वेळी ते तितकेच हादरले होते आणि थोड्या वेळाने विसरले होते. खरं सांगून त्यांना रडवायचं, खोटं सांगून गोठू द्यायचं. यांच्यामध्ये तिसरं काहीतरी असणारच, इतर माणसांना ते सापडत असणार, असं तिला वाटलं, पण डोकं चालेना. समोर खाली सगळं गाव दिसत होतं. त्यात एकही खिडकी उजळलेली नव्हती आणि तरी ते सुंदर दिसत होतं. ते तसंच दिसणार होतं, कुणी पाहो न पाहो.

"अंधारून येतंय," पपा म्हणाले. "तुमचीही कुणी वाट बघत असेल. तुम्हीच वाजवा जरा. परक्याने वाजवलं की ती लगेच उठते."

"मी वाजवू?"

"वाजवा."

ती उठली. का उठली ते तिला सांगता आलं नसतं. दारावर तिने मुठीने थाप मारली. आतल्या रिकाम्या खोल्यांतून तो आवाज वर गेला, माळ्यापर्यंत, आणि तिथून परत आला नाही. "जरा जोरात," पपा मागून म्हणाले. तिने जोरात वाजवलं. तेव्हा चौकटीवरच्या घंटेत निळा दिवा लागला, काहीतरी खरखरलं, आणि एका बाईचा आवाज आला, दुरून, झोपेतून उठल्यासारखा.

"कोण आहे?"

पपा उठले. हात टेकून, एकेक गुडघा सरळ करत. त्यांनी टोपी काढली.

"मी आहे," ते म्हणाले. "उघड."

 मग आवाज बदलला, जवळ आला, आणि त्यात रडू होतं. "मस्य एलोई... अहो, मी तिथे नाहीये हो. मी फार लांब आहे. बर्फ पडतंय का तिकडे? मिरेय, तुम्ही आहात ना त्यांच्याबरोबर? माझ्याकडे इथून काही... मला इथून काही करता येत नाही." मिरेय घंटेच्या त्या काळ्या बारीक डोळ्याकडे पाहत राहिली. लिस्बनमधल्या कुठल्याशा खोलीत आपल्या दोघांचे चेहरे दिसत असतील, वाकडे, मोठ्या नाकांचे. तिने तोंड उघडलं आणि मान हलवली, आणि ते हो होतं की नाही, ते कुणालाच कळण्यासारखं नव्हतं. दिवा विझला.

"ऐकलंत?" पपा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "उठली. खाली यायला वेळ लागतो तिला, पाय दुखतात." त्यांनी उंबऱ्यावर एक बूट आपटला, मग दुसरा, बर्फाचे तुकडे उडाले. मग त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं, आणि एखाद्या नवख्या पाहुणीला समजावून सांगावं तशा हलक्या आवाजात म्हणाले, "झटका पाय. आत बर्फ आलेलं तिला चालत नाही."

मिरेयने उंबऱ्यावर पाय आपटले, एक आणि मग दुसरा, आणि त्यांच्या शेजारी, दाराकडे तोंड करून उभी राहिली.